दिव्याखाली अंधार हवाच

"अक्का, तुमचा पावटा कठडा ओलांडून आमच्या कपड्यांच्या तारेवर चढलाय हो!"

"चढू दे की. शेंगा धरल्या तर निम्म्या तुमच्या."

"धरल्या तर ना! मार्गशीर्ष निम्मा सरला, के. आर. मार्केटात पावट्याच्या शेंगांचे, अवरेकायचे ढीग लागले, आणि तुमच्या वेलाला नुसता पाला. शेणखत जास्त झालं का?"

"सगळे तेच म्हणतात. आमच्या जाऊबाईंनी तर दृष्ट काढायला सांगितली. पण वहिनी, त्या पाण्याच्या टाकीमागे बघा. तीच लाल माती, तेच शेणखत, तेच कोकोपीट. बीसुद्धा एकच, मागडीकडचं गावठी. एक निळं पिंप मधोमध कापून दोन केली, एक इथं ठेवलं, एक तिथं. टाकीमागचा तुऱ्यांनी भरलाय आणि हा ठोंब्या तसाच."

"मग झालंय काय याला?"

"त्याला रात्रच मिळत नाही. खालच्या साडीच्या दुकानाची पाटी बघितलीत ना? नवी लावल्यापासून पहाटेपर्यंत जळते. चिकपेटेत साड्या रात्री दोनला कोण घेतं, देव जाणे! पावट्याला फुलायला लांब रात्र लागते. दिवस आखडले की त्याला कळतं, आता फुलायची वेळ झाली. म्हणून गावठी वेल आषाढात लावा नाहीतर श्रावणात, फूल दिसणार ते दिवाळीच्या आगेमागे. इथं रात्रभर पानांवर हा झगझगाट. त्याच्या लेखी अजून उन्हाळाच आहे. लोकांच्या दिव्याखाली अंधार असतो म्हणे, आपल्या नशिबी तोही नाही."

"असं असतं होय! मग ते हेसरघट्ट्याच्या संशोधन संस्थेचं बी आणायचं. अर्का जय, अर्का विजय. आमच्या दिरांनी लावलं होतं. बुटकं झाड, मांडव नको, काही नको. त्याला दिवस लहान की मोठा, काही फरक पडत नाही. आपल्या हेब्बाळच्या कृषी विद्यापीठाचा पावटाही तसलाच."

"लावून झालाय. शेंगा लागतात, नाही कशाला म्हणू? वैशाखातसुद्धा बाजारात अवरेकाय दिसते ती त्यांचीच कृपा. पण सोगड, तो वास कुठाय? गावठी शेंग सोलायला बसलं की बोटं तेलकट होतात आणि दोनदा साबण लावला तरी वास हटत नाही. ती खरी शेंग. दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी चिमटीत धरून दाबायचे, साल हातात आणि दाणा टुणकन् परातीबाहेर! त्या हितकिद बेळ्याचं सार, गरम भात, वर तूप. त्या बारमाही दाण्याचं सार माझ्या मेलीच्या घशाखाली उतरत नाही."

"उप्पिटात चालतो."

"उप्पिटात सगळंच चालतं."

"पण अक्का, त्या कोपऱ्यावरच्या मामींचं ऐकलंत का? हळदीकुंकवाला 'आमच्या गच्चीतल्या' म्हणून फरसबी वाटत होत्या, आणि पिशवी होती हॉपकॉम्सच्या भाजीदुकानाची!"

"अगंबाई! तरीच सगळ्या शेंगा एका मापाच्या. गच्चीतली फरसबी कधी सरळ येते का? एक वाकडी, एक किडकी, एक जून."

"अवरेमेळ्यालाही भेटल्या होत्या. आधी तो सज्जनराव सर्कलला भरायचा, आता नॅशनल कॉलेजच्या मैदानावर. मामींच्या हातात अवरेची जिलबी!"

"जिलबीत अवरे घालणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार. पण वहिनी, आपल्याच पेठेत भाजीचं एवढं अप्रूप व्हावं? आता कंठीरव स्टेडियम आहे ना, तिथं पूर्वी संपंगी तळं होतं. त्याच्या काठाला तिगळ लोकांचे भाजीचे मळे. तळं बुजलं, वर स्टेडियम झालं, मळे गेले. नगरथपेटेतल्या धर्मरायाच्या देवळातून चैत्रात त्यांच्या करगाची मिरवणूक निघते, तेवढी राहिली."

"आणि आपल्या वाट्याला ही गच्ची!"

"गच्चीला हसू नका. कृषी विद्यापीठातल्या डॉ. बी. एन. विश्वनाथांनी या गावाला गच्चीवर भाजी लावायला शिकवलं. आता निम्मं बेंगळूर 'तारसी तोट' म्हणून मिरवतं. पाण्याचं मात्र आपलं आपण बघायचं. मार्च 2024 आठवतो ना? पिण्याचं पाणी झाडांना घातलं तर 5,000 रुपये दंड, असं पाणी मंडळानं जाहीर केलं होतं. तेव्हापासून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मी बादलीत साठवते. साबणाचं नाही हं."

"आणि तो काळा मावा? टाकीमागच्या तुऱ्यांवर बसलाय बघा, तीळ चिकटवल्यासारखा."

"आज सकाळीच दिसला. आधी पाण्याची जोरदार धार मारायची, मग कडुनिंबाच्या तेलाचं पाणी, संध्याकाळी. उन्हात मारलंत तर पानं करपतील. आणि मुंग्या चढताना दिसल्या की समजायचं, वर मावा आहे. त्याचा गोड चिकटा चाटायला त्या जातात, वर त्याची राखणही करतात."

"ते झालं हो. पण या पाटीचं काय करायचं?"

"तुमच्या यजमानांची त्या दुकानात ऊठबस आहे ना? त्यांना म्हणावं, दहा वाजता शटर ओढताना पाटीचं बटणही बंद करायला सांगा. विजेचं बिलही वाचेल त्यांचं."

"हे जातील, चहा पिऊन परत येतील. वेलाचं नाव काढायची लाज वाटेल त्यांना."

"मग मीच जाते, साडी घ्यायच्या निमित्तानं. गिऱ्हाइकाचं कोण टाळतं? आणि ते नाहीच जमलं तर टाकीमागच्या वेलाच्या काही शेंगा मी बियाण्याला वेलावरच वाळवणार आहे. त्यातलं मूठभर बी न्या. आषाढात तुमच्या त्या मागच्या कोपऱ्यात लावा, दिवसा ऊन आणि रात्री मिट्ट काळोख असेल तिथंच. आणि बल्ब लावू नका तिकडे, सांगून ठेवते."