मागच्या बेंचवरचे सर

एमईच्या पहिल्याच लेक्चरला उशिरा पोचलो आणि सवयीने शेवटच्या बेंचवर सरकलो. शेजारी कुणीतरी मान खाली घालून मोबाईलवर कँडी क्रश खेळत होतं. मान वर झाली आणि मी ताडकन उभा राहिलो. बीईला ज्यांनी मला अल्गोरिदम शिकवले, ते सर!

"बस, बस. इथे मी सर नाही."

"हो सर."

"अरे, सर म्हणू नकोस ना."

"मग काय म्हणू, सर?"

यावर दोन वर्षांत तोडगा निघाला नाही.

ही जमात तेव्हा पुण्याच्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात होती. बीई फर्स्ट क्लास झाले, कॅम्पसला काही जमलं नाही म्हणून "तात्पुरते" शिकवायला लागले आणि नऊ वर्षं तात्पुरतेच राहिले. मग २०१० साली एआयसीटीईचे नवे नियम आले. लेक्चरर या शब्दाच्या जागी असिस्टंट प्रोफेसर आला आणि त्या पदाला एमई आवश्यक झालं. ज्यांच्या हाताखालून पोरं एमई करायला बाहेर पडली होती, तेच आता त्या पोरांच्या रांगेत फॉर्म भरायला उभे राहिले.

सर सकाळी दोन लेक्चरं घ्यायचे आणि दुपारी दोन लेक्चरांना बसायचे. मधल्या सुट्टीत माणूस पार बदलायचा. सकाळचे सर म्हणजे सबमिशनचा कर्दनकाळ. जर्नलच्या डाव्या मार्जिनला पट्टी लावून बघायचे, फ्लोचार्टमधला डायमंड वाकडा दिसला की लाल पेनने 'रीडू'. दुपारचे सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "असाइनमेंट झाली का रे तुझी? दे जरा, बघून देतो." नऊ वर्षं ते "बघून देतो" म्हणत होते. शब्द तेच, फक्त अर्थ बदलला होता.

डायक्स्ट्रावर त्यांचं भारी प्रेम. दरवर्षी वर्गाला एकच गोष्ट: १९५६ साल, ॲमस्टरडॅम, हा तरुण होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला बाहेर पडलेला. दमून दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसले आणि गड्याने तिथल्या तिथे, कागद-पेन्सिल न घेता, वीस मिनिटांत सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत काढली. "वीस मिनिटं! आणि तुम्हाला फाईल लावायला तीन आठवडे लागतात." सरांचा स्वतःचा लिटरेचर सर्व्हे आठ महिने चालला. रोज कँटीनमध्ये कॉफी प्यायचे, तेवढं मात्र डायक्स्ट्रासारखं जमलं होतं.

डिझर्टेशनचं नाव 'ॲन एफिशियंट अप्रोच' असं सुरू व्हायचं आणि दीड ओळीनंतर संपायचं. कशापेक्षा एफिशियंट, हे गाईडनी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही. विषय क्लस्टरिंगचा. मोठ्या डेटावर चालणारी पद्धत असं लिहून दिलेलं होतं. प्रत्यक्ष डेमो मात्र आयरिसच्या दीडशे फुलांवर. ती दीडशे फुलं म्हणजे आमच्या शाखेची सत्यनारायणाची पूजा. फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली त्या फुलांच्या पाकळ्यांची मापं पेपरात वापरली आणि तेव्हापासून जगभरची पोरं तीच फुलं वेगळी करत बसली आहेत. एक जात चटकन बाजूला होते, उरलेल्या दोन एकमेकींत मिसळतात. सरांची तिसरीतली मुलगी स्क्रीनवरचे ठिपके बघून म्हणाली, "बाबा, फुलं कुठे आहेत?" सरांनी तरी आयरिस कुठे पाहिलं होतं! सारसबागेत जाऊन माळ्याला विचारून आले. तो म्हणाला, शेवंती आहे, देऊ का?

एक आंतरराष्ट्रीय पेपर लागायचा. सरांनी रात्री पेपर पाठवला, सकाळी स्वीकारल्याची मेल हजर. दोन परीक्षकांचा अभिप्राय एकच होता: फी भरा.

मग सह्या. आयुष्यभर सही देणाऱ्या माणसाला सही मागता येत नाही, हे मी जवळून पाहिलं. सर गाईडच्या केबिनबाहेर फाईल छातीशी धरून उभे राहायचे आणि आतून "जरा थांबा" आलं की पुटपुटायचे, "काय माज आहे!" त्यांच्या मागे त्यांचीच बीईची चार पोरं जर्नलं घेऊन उभी असायची, सरांच्या सहीसाठी. त्यांना सर म्हणायचे, "जरा थांबा."

ब्लॅक बुकचं बाइंडिंग झालं. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं, पाच प्रती. कव्हरचं पान सरांनी एका जुन्या फाईलवरून उचललं होतं, त्यामुळे पाचही प्रतींवर झळकत होतं 'युनिव्हर्सिटी ऑफ पुणे'. २०१४ च्या ऑगस्टमध्येच नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालेलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "सर, प्रूफ तुम्हीच पास केलं. सही आहे तुमची." सरांनी सही निरखून पाहिली. त्यांचीच होती, न वाचता केलेली.

व्हायव्हाला एक्स्टर्नल आले. पोहे झाले, चहा झाला. स्लाइडा संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, "डायक्स्ट्रामध्ये एखाद्या एजचं वेट निगेटिव्ह आलं तर?"

हा सरांचा प्रश्न. दर ओरलला, प्रत्येक पोराला, गेली नऊ वर्षं. मलाही विचारला होता. उत्तर साधं आहे: चुकीचा रस्ता मिळू शकतो, तिथे बेलमन-फोर्ड वापरायचा. सरांनी छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडेही पाहिलं. मग हळूच म्हणाले, "येतं सर, पण आत्ता आठवत नाहीये."

एक्स्टर्नल हसले आणि शीटवर सही केली.

त्यानंतर दोन दिवस सरांनी पोरांची जर्नलं न उघडता सह्या केल्या. डिपार्टमेंटमध्ये सण असल्यासारखं वातावरण होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली.