पाठ टेकली की संपलं

कोल्हापुरात कळंबा तलावाच्या बांधावर सकाळी फिरायला गेलात, तर एखादा तरी माजी वस्ताद भेटतोच. कान मुडपलेले, मान खांद्यांत जिरलेली, दोन्ही काखांत कलिंगडं धरल्यागत हात अंगापासून लांब. त्याच्याशी ओळख काढावी लागत नाही. "खासबागेत एकदा..." म्हणून तोच सुरू होतो. राजर्षी शाहूंचं ते 1912 सालचं मैदान आपल्या त्या एका कुस्तीसाठीच बांधलं होतं, असा त्याचा समज आहे. त्या कुस्तीतला जोडीदार दर वर्षी पाच किलोंनी वाढतो. सध्या तो दीडशेच्या घरात आहे.

अशाच एका वस्तादांचं डोकं हल्ली फिरलंय ते नातवामुळं. पोरगं पुण्यात ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतंय. सुट्टीला आल्यावर त्यानं मोबाइलवर एक लढत दाखवली. सुरुवात होते न होते तोच एक गडी आपणहून उताणा पडला.

"चक्कर आली व्हय रं त्याला?"

"नाही आबा, त्याला गार्ड म्हणतात. खालून पायांनी अडवायचं."

"पाठ टेकली की कुस्ती निकाली. आता काय अडवतोय?"

मग 1910 चं लंडन निघालं. गामा पैलवानासमोर झिबिस्को अडीच तास मातीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली, ही गोष्ट वस्ताद स्वतःवरचा अन्याय म्हणून सांगतात. (लंडनला माती नव्हती, गादी होती. पण हे त्यांना कोण सांगणार?) "त्यानं निदान पालथं पडायची तरी लाज राखली!" 1928 ला पतियाळात गामानं त्याला मिनिटाच्या आत लोळवलं, तेव्हा कुठं वस्तादांचा जीव भांड्यात पडतो. जपानच्या माएदानं ब्राझीलला जाऊन ग्रेसी घराण्यातल्या पोराला ही विद्या दिली, असं नातवानं सांगितलं. "वाटेत कोल्हापूरला उतरला असणार," वस्ताद म्हणाले.

पण मोबाइलमधल्या वरच्या गड्याची धडपड त्यांना बघवेना. तो खालच्याचे पाय हातांनी झटकत होता.

"अरं, पायाशी काय भांडतोस? एक हात ह्या पायाखालनं घाल, दुसरा त्या पायावरनं. खांदा पोटात, डोकं कमरेला. गुडघं उचल, चवड्यावर ये आणि वजन ओत!"

नातू गप्पच झाला. दाब देत पाय ओलांडायची ही रीत त्याला पुण्यात महिन्याची फी भरून शिकवली होती. आणि वस्तादांचं बरोबरच होतं. दुसऱ्याच्या छातीवर आपलं वजन कसं जड करायचं, हेच तर त्यांनी जन्मभर केलेलं. फरक एवढाच की इथं पाय ओलांडून तीन सेकंद दाबून धरलं की तीन गुण मिळतात आणि खेळ चालूच राहतो. हे तीन सेकंदांचं प्रकरण त्यांना फारच कंजूष वाटलं.

"पड खाली," ते म्हणाले.

सोप्यात सतरंजी पसरली. नातवानं गार्ड घेतला. शंभर किलोचे वस्ताद त्याच्यावर सावकाश उतरले आणि तसेच तिरके तिरके सरकत पायांच्या पलीकडं गेले. मानेवर रद्दा बसला. नातवाचं तोंड भिंतीकडं वळलं. आतून आजी म्हणाली, "चहा गार होतोय." वस्ताद म्हणाले, "ठेव तिथंच."

नातवानं हार मानून त्यांच्या पाठीवर दोनदा थापटलं.

"शाबासकी कसली देतोस लेका," वस्ताद खूश होऊन आणखी रेलले, "अजून घुटना दाखवायचाय!"