वाफेविरुद्ध ठराव

दापोडीत धुराला कधी तोटा नव्हता. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सिग्नल सुटला की एक धूर, संध्याकाळी कुणी पालापाचोळा पेटवला की दुसरा, आणि डासांसाठी महापालिकेचं धुराचं मशीन गल्लीत शिरलं की तिसरा. या तिसऱ्याच्या मागे आम्ही लहानपणी ओरडत पळायचो. आता आमची नातवंडं पळतात आणि आम्ही गॅलरीतून त्यांच्या नावाने ओरडतो. एसटीच्या कार्यशाळेतून दुरुस्त होऊन निघालेली गाडी पहिला गिअर टाकताना जो निरोप देते, तो वेगळाच.

आणि हेच गाव एकेकाळी साहेबलोकांचं हवा खायचं ठिकाण होतं, हे सांगितलं तर आमच्या सोसायटीत कुणी विश्वास ठेवत नाही. १८१७ च्या खडकीच्या लढाईत कॅप्टन फोर्डची पलटण इथूनच निघून कंपनीच्या फौजेला मिळाली. त्याच फोर्डचा बंगला पुढे मुंबईच्या गव्हर्नरने घेतला. १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू केलं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी त्यात औषधी झाडं वाढवली आणि देशी चित्रकाराकडून त्यांची सुरेख चित्रं काढून घेतली. मग गव्हर्नरसाहेब गणेशखिंडीला गेले, बाग गेली आणि हवा आमच्या ताब्यात आली. तिचं आम्ही काय केलं ते वर सांगितलंच.

तर या हवेत अलीकडे एक नवा पाहुणा आला आहे, आणि आपण धूर नाहीच असं त्याचं म्हणणं आहे. मेट्रोच्या जिन्यापासून थोडं पुढे, बंद दुकानाच्या फळीवर एखादा पोरगा बसलेला असतो. पाठीवर कंपनीची सॅक, गळ्यात ओळखपत्र. तो बाहीतून हायलायटर पेनासारखं काहीतरी काढतो, ओठाला लावतो, त्याच्या टोकाला निळा दिवा लागतो आणि मग तोंडातून एक पांढरा गोळा बाहेर पडतो. गोळा एवढा मोठा, की पहिल्यांदा बघणाऱ्याने पाण्याची बादली शोधावी. पण तो आपल्यापर्यंत पोचायच्या आत विरून जातो आणि मागे आंब्याचा वास राहतो. हापूसचा नव्हे, ज्याने हापूस फक्त फोटोत पाहिला आहे, अशा शाम्पूचा.

याला व्हेप म्हणतात, हे आम्हाला सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी सांगितलं. सांगितलं ते एका ठरावासकट. दापोडीतल्या सर्व सार्वजनिक जागी, म्हणजे रस्ते, चौक, बसथांबे, नदीकाठ, सगळीकडे व्हेप ओढायला महापालिकेने बंदी करावी, फलक लावावेत आणि दंड वसूल करावा, असा अर्ज सोसायटीच्या शिक्क्यानिशी द्यायचा. माना डोलल्या. मी हात वर करून विरोध नोंदवला. मी साधी सुपारी खात नाही, त्यामुळे सभेला वाटलं, यांना प्रश्न नीट ऐकू आला नसावा.

ऐकू चांगलं आलं होतं. माझी पहिली अडचण अशी, की ही बंदी आधीच होऊन बसली आहे, आणि तीही दिल्लीहून. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. व्हेप बनवणं, आणणं, नेणं, विकणं, त्याची जाहिरात करणं, सगळं गुन्हा. पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत मजल जाते. साठा केला तरी सहा महिने आहेतच. एवढ्या सगळ्या गडबडीत ओढणाऱ्यासाठी मात्र त्यात शिक्षा नाही. म्हणजे जी वस्तू देशात मिळतच नाही, ती आमच्या बसथांब्यावर वापरू नये असा अर्ज आम्ही महापालिकेला करणार. महापालिकेने उलट टपाली, ‘मिळाली कुठे?’ एवढंच विचारलं तर सेक्रेटरी काय सांगणार?

जी वस्तू मिळते तिचं काय, ते बघायला लांब जावं लागत नाही. टपरीवर सिगारेट सुटी मिळते, आणि ती पेटवायला दोरीला टांगलेला लायटरही असतो. गिऱ्हाइकाने लायटर खिशात घालून जाऊ नये म्हणून ती दोरी. गिऱ्हाईकच निघून जाऊ नये म्हणून पाकिटावर सरकारने कर्करोगाचं चित्र छापलेलं, त्याकडे बघत गिऱ्हाईक झुरका मारतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे, त्यामुळे विम्याचा हप्ता इमानाने भरणारा माझ्यासारखा माणूसही दूरच्या नात्याने सिगारेटवालाच. हे सगळं चालू द्यायचं आणि वाफ तेवढी पकडायची, याला मी तरी आरोग्य म्हणत नाही.

तंबाखूला हात का लागत नाही, हे मात्र मला समजतं. तिच्यामागे माणसं आहेत. १९८१ साली आपल्या चाकणजवळच्या आंबेठाणचे शरद जोशी निपाणीला तंबाखूच्या शेतकऱ्यांसोबत रस्त्यावर बसले होते. त्या आंदोलनावर गोळीबार झाला, शेतकरी मेले. सिन्नर-सोलापूरकडे विड्या वळून घर चालवणाऱ्या बायका आहेत. व्हेपमागे ना शेत, ना वळणारे हात, ना मतपेटी. बिनआईबापाच्या पोराला वर्गात पहिली छडी बसायची, तसलाच प्रकार.

बरं, फलक लावायचे म्हणता, तर फलकांचाही आम्हाला अनुभव आहे. धूम्रपानाविरुद्ध मुंबईच्या मुरली देवरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, २००१ मध्ये निकाल झाला, पुढे २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ ला, म्हणजे गांधीजयंतीचा मुहूर्त धरून, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. त्यात फलकाचं मापसुद्धा दिलं आहे, ६० सेंटिमीटर बाय ३०. आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावही दर्शनी लावायचं असतं. एका कचेरीत मी असा फलक वाचला. माप बरोबर होतं, लाल रेघही बरोबर होती. ‘तक्रारीसाठी संपर्क’ याच्यापुढे टिंबं होती. टिंबांच्या खाली उभा राहून एक गृहस्थ विडी ओढत होते. मला वाटलं, हेच ते असतील.

गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या जिन्याचे कोपरे या बंदीची साक्ष रोज ताज्या रंगात देतात.

नव्या वस्तूला विरोध हीसुद्धा जुनी गोष्ट आहे. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाहीत गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. दिल्लीच्या बाजूला ती तोवर फारशी ठाऊक नव्हती. त्याने रत्नं जडवलेली नळी तयार करवली आणि बादशहाला नजर केली. अकबराने दोनचार झुरके घेतले, तेवढ्यात हकीम आडवा आला. त्याचं म्हणणं, हे आमच्या ग्रंथांत कुठेच नाही. असद बेगने वाद घातला, की नवी म्हणून कुठलीही गोष्ट टाकून द्यायची ठरवली तर जगात रीत अशी पडणारच कशी? बादशहाला हे पटलं. पण तंबाखूची सवय त्याने काही लावून घेतली नाही. दरबारी लोकांनी लावून घेतली, व्यापाऱ्यांनी दुकानं मांडली. १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचं फर्मान काढलं, आणि त्या फर्मानाचं काय झालं ते दोरीचा लायटर सांगतोच. आता हकीम शेवटी खरा ठरला, हे मला मान्य करावं लागतं. पण ‘ग्रंथात नाही’ या कारणाने नव्हे, आणि फर्मानाने तर मुळीच नव्हे.

साहेबाच्या देशातही हा घोळ झाला. वेल्समध्ये काही सार्वजनिक जागी व्हेपला बंदी घालणारं विधेयक मार्च २०१६ मध्ये मतदानाला आलं. पास होणार असं धरून चाललं होतं. पण एका मंत्र्याने ज्या पक्षाच्या मतांवर भिस्त होती त्यालाच, ‘हे स्वस्तात पटतात’ अशा अर्थाचा टोमणा मारला. पक्ष बिथरला, मतं २६ विरुद्ध २६ पडली आणि विधेयक गळालं. टोमण्याचे एवढे सुपरिणाम फक्त पुण्यातच होतात असं मी समजत होतो. त्याच ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य खात्याने २०१५ मध्ये व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला होता. त्या आकड्यावर अजून भांडणं आहेत. पण २०२३ मध्ये सिगारेट सोडावी म्हणून दहा लाख लोकांना व्हेप फुकट द्यायची योजना तिथे जाहीर झाली, आणि एकदा वापरून फेकायचे व्हेप त्यांनी जून २०२५ पासून बंद केले. म्हणजे कोण ओढतंय, कशासाठी ओढतंय आणि कचरा कुठे जातोय, हे प्रश्न वेगळे वेगळे सोडवायचे असतात. आमच्या ठरावात ते सगळे एका फलकावर होते.

माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. आमच्याच मजल्यावरचा, भोसरीला सीएनसी मशीनवर काम करणारा. दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. पहाटे त्याच्या खोकल्यावर आम्ही घड्याळ लावत असू. आता व्हेपवर आहे. तो कुठून आणतो हे मी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. “काका, खोकला गेला, बायकोची कटकट गेली,” तो मला म्हणाला, “आता फक्त सेक्रेटरी राहिलेत.” याला चौकातून हाकललं तर तो जाणार कुठे? टपरीच्या मागे, सिगारेटवाल्यांच्या घोळक्यात. म्हणजे दारू सोडलेल्याला गुत्त्यात नेऊन बसवायचं, की बाबा रे, इथे लिंबूपाणी पी.

लहान पोरांचं म्हणाल तर मी सेक्रेटरींच्याही दोन पावलं पुढे आहे. निकोटीन ते निकोटीन; आंब्याच्या वासाने त्याचा आंबा होत नाही. शाळेच्या फाटकाशी हे विकणाऱ्याची गचांडी धरा, त्याच्यासाठी कायद्यात लाखाची सोय आहे. बसमध्ये, लिफ्टमध्ये, दवाखान्यात कुणी वाफ सोडली तर मी स्वतः आवाज चढवीन. दुसऱ्याने सोडलेला श्वास मला बंद खोलीत नको, वाफेचा असो की आणखी कशाचा. पण उघड्या रस्त्यावर, जिथे बीआरटीच्या बाजूने ट्रक जातोय, तिथे या गोळ्यासाठी पावतीबुक घेतलेला माणूस उभा करायचा? तो पावती कुणाची फाडेल? सॅकवाल्या पोराची. पैसे ऑनलाइन देतो आणि उलट बोलत नाही.

टपरीवर मी बघतो ती व्यवस्था साधी आहे. एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक रोज तिथे येतात. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखाच्या टोकाने काढलेला चुना, मग उजव्या अंगठ्याने सावकाश, इंजिनचा आवाज ऐकत असल्यासारखं मळणं. शेवटी दोन टाळ्या मारतात, भुकटी उडते आणि शेजारचा हमखास शिंकतो. त्या दिवशी शेजारी व्हेपवाला होता. तो शिंकला, आणि शिंकता शिंकता त्याच्या तोंडातून आंबा सुटला तो यांच्या चष्म्यावर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “जरा तिकडं हो की रं,” म्हातारबुवा म्हणाले. “तुम्ही पण टाळी तिकडं वाजवा ना, काका,” तो म्हणाला. दोघेही एकेक पाऊल सरकले. टपरीवाल्या मामांनी मध्ये चहाचे दोन ग्लास ठेवले. दंड वसूल झाला नाही.

हे मी सभेत सांगितलं. हशा पिकला, पण ठराव काही हलला नाही. तो हलवला गावठाणातल्या एका आजींनी. त्या लेकीकडे राहायला आहेत आणि सभेला भजी असतात म्हणून येतात. त्यांनी विचारलं, “मग माझ्या मशेरीचं काय?” आजी दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजतात, आणि त्या दिवशी तीन मजले खोकतात. आजीचं धाडस बघून दुसऱ्या विंगमधल्या बाई उठल्या. वाफेवर बंदी, मग धुपावर का नाही? पाठोपाठ कुणीतरी अगरबत्ती काढली. कासवछाप उदबत्ती निघाली. आणि मग चौथ्या मजल्यावरून, जे आजवर फक्त लिफ्टमध्ये कुजबुजत बोललं जायचं, ते उघड बाहेर आलं: सुके बोंबील भाजणं.

त्यानंतर व्हेपचं नाव कुणी काढलं नाही. ठरावाचा मसुदा दुरुस्त करायला तिघांची समिती नेमली आहे आणि तिची बैठक अजून व्हायची आहे. बोंबलांवर मात्र पुढच्या रविवारी गुप्त मतदान आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक आत्तापासून माझ्याकडे चहाला येऊ लागले आहेत.