दार उघडतं, पण भाव पडल्यावर

हंगाम लागला की सोमेश्वरनगरात काट्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि टपरीवर एकच विषय: यंदा कारखाना किती देणार? अध्यक्ष-संचालकांना आपण धारेवर धरतो. धरायलाच हवं. पण उसाच्या भावाचा अर्धा निकाल दिल्लीच्या अधिसूचनांत लागतो आणि त्यांचा जाब कुणी विचारत नाही.

बाहेरची साखर येऊ नये म्हणून आयातशुल्क 100 टक्के आहे. 2018 च्या फेब्रुवारीत ते 50 वरून दुप्पट केलं. चांगलंच केलं. पण त्याच वर्षी जूनपासून कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा आला, आणि 2022 पासून निर्यातही परवान्याखाली गेली. आतला भाव असा दाबून धरल्यावर शुल्काच्या भिंतीचा उसवाल्याला काय उपयोग?

2023 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेने बारा वर्षांतला उच्चांक गाठला, पौंडाला 28 सेंटच्या आसपास. आपलं दार बंद होतं. 2025 च्या जानेवारीत 10 लाख टनांना मुभा मिळाली, तीही गाळप अर्ध्यावर आल्यावर. कच्ची साखर करायची की पांढरी, हे कारखान्याला आधी ठरवावं लागतं. परदेशी गिऱ्हाईक आपल्या आदेशाची वाट बघत बसत नाही. पुढे नोव्हेंबरात 15 लाख टनांची परवानगी आली, तेव्हा बाहेरचा भाव निम्म्यावर आला होता.

आता हिशोब बघा. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये. या उताऱ्याने टनाला 102.5 किलो साखर निघते. साखरेचा किमान विक्री दर किलोला 31 रुपये, 2019 च्या फेब्रुवारीपासून तो हंगाम सुरू होईपर्यंत तोच. गुणाकार केला तर 3177 रुपये. बाजारात साखर याहून चढी विकते आणि मळी, बगॅसचे पैसेही येतात, हे खरं. पण सरकारने स्वतः ठरवलेल्या किमान दरात सरकारने स्वतः ठरवलेला उसाचा भावही निघत नाही, आणि पैसे मात्र चौदा दिवसांत द्या हा कायदा. द्यायलाच हवेत, पण कारखान्याने ते आणायचे कुठून?

गरिबाच्या चहात साखर स्वस्त हवी, यात दुमत नाही. त्याला रेशनवर द्या. देशातल्या साखरेचा मोठा वाटा शीतपेयं, बिस्किटं आणि मिठाई बनवणाऱ्यांकडे जातो. त्यांची स्वस्ताई माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या सभासदाने का सोसायची?

निर्यातीचा आकडा बॉयलर अग्निप्रदीपनाआधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत तो बदलू नका. वार्षिक सभेत अंतिम दरावरून गदारोळ होतोच. यंदा या मागणीचा ठराव पहिला घ्या आणि तो घेऊन आपल्या खासदाराच्या दारात जा.