घरच्या घरी ऑइल सील

गिअरच्या दांड्यापाशी ऑइल गळू लागलं की सुज्ञ गाडीमालक आधी पार्किंगची जागा बदलतो. डाग शेजारच्या खात्यावर पडतो आणि आठवडा निभावतो. सेक्रेटरींनी पेव्हर ब्लॉकवरच्या डागांचा माग काढून नोटीस लावली, की मगच दुरुस्तीला हात घालावा. त्याआधी घाई करू नये.

पहिली पायरी निदानाची. स्प्लेंडरच्या जातकुळीतल्या शंभर सीसी गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच असतं. त्यामुळे नुसता डाग बघून चोर सापडत नाही. डिझेलच्या चिंधीने इंजिनाची डावी बाजू लख्ख पुसावी, वाळली की तिच्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरावी आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवावं. पावडर जिथे प्रथम ओली होईल तिथून गळती. (सुवासिक पावडर घेतली तरी चालते, फक्त डबा कोणाचा आहे ते बघून घ्यावं.)

आपण असं धरू की चोर गिअर शाफ्टचं सील आहे. हे सील म्हणजे बोटभर रुंदीचं कडं. बाहेरून पत्रा, आत रबराचा पातळ ओठ आणि त्या ओठाला शाफ्टावर आवळून धरणारी केसासारखी बारीक गोल स्प्रिंग. 1930च्या दशकात जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीत वाल्टर झिमरने असं सील घडवलं तेव्हा ओठ चामड्याचा होता, कारण कंपनी मुळात कातडी कमावणारी. रबर नंतर आलं. उष्णतेने ते कडक होतं, पावसाळ्यातला चिखल शाफ्टालगत बसून त्याला घासतो, आणि एक दिवस ओठ आवळायचा सोडतो.

नवं सील आणायला गेलात की दुकानदार म्हणेल, "जुनं आणा." जुनं काढलं की गाडी हलत नाही आणि गाडी हलल्याशिवाय दुकान येत नाही. या पेचातून सुटायचा एकच मार्ग, शेजाऱ्याची स्कूटर. जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. ते वाचून दाखवले तर दुकानदार क्षणभर आदराने बघतो आणि मग किंमत सांगतो. ती ऐकून आपण इतके दिवस कशाला घाबरत होतो असं वाटू लागतं, पण ही भावना तात्पुरती असते.

आता हत्यारं. सील ओढायला पुलर असतो, पण तो गॅरेजवाल्याकडे. आपल्याकडे दाराच्या कडीचे दोन स्क्रू, पक्कड, खिळा, प्लंबर विसरून गेलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा, धुऊन वाळत घातलेली दुधाची पिशवी आणि खलबत्त्यातला पितळी बत्ता आहे. बत्त्याला हसू नये. पितळ लोखंडाहून मऊ, त्यामुळे ठोका बसतो आणि इजा कमी होते.

इंजिन गार असावं, पेट्रोलचा कॉक बंद. गाडी उजवीकडे भिंतीला कलती करून दोरीने बांधावी, म्हणजे ऑइल पलीकडे सरकतं. गिअरचा दांडा काढण्याआधी दांड्यावर आणि शाफ्टावर समोरासमोर खडूची खूण करावी. नाहीतर बसवताना एखादा दांता चुकतो आणि गिअर टाकताना पाय आकाशाकडे जातो. दांड्याचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. तो शाफ्टाच्या खाचेतून गेलेला असतो, पूर्ण बाहेर आला तरच दांडा सुटतो.

पुढचा टप्पा नाजूक. शाफ्ट आणि भोकाची कड यांच्या बरोबर मधे, सीलच्या तोंडावर खिळ्याने समोरासमोर दोन भोकं पाडावीत. प्रत्येकात स्क्रू दोन-तीन फेरेच. जास्त आत गेला तर तिथे काय आहे ते आपल्याला महागात कळेल. मग पकडीने एकदा हा, एकदा तो असं आळीपाळीने ओढत राहावं. शाफ्टावर किंवा ॲल्युमिनियमच्या कडेवर चरा पडला तर नवं सील तिथूनच गळेल, म्हणून मोठा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह आवरावा.

नेमके याच वेळी निवृत्त काका खाली येतात. "अरे, असं नाही, स्क्रूड्रायव्हर घाल आणि उचकट!" त्यांच्याशी वाद घालू नये. "काका, जरा टॉर्च धरता का?" असं म्हणावं. टॉर्च हातात आली की माणूस सल्ला थांबवतो. प्रकाश मात्र त्याला जे बघायचं असतं तिकडेच पडतो, तेवढं सोसावं.

नवं सील बसवताना स्प्रिंग आतल्या, म्हणजे ऑइलच्या बाजूला. ओठाला बोटाने ऑइल लावावं. शाफ्टाचे दांते धारदार असतात. त्यांच्यावर दुधाची पिशवी घट्ट गुंडाळून सील वरून सरकवावं आणि पिशवी हळूच ओढून घ्यावी. मग पाइपचा तुकडा सीलच्या कडेवर टेकवून बत्त्याने चारी बाजूंनी समान, हलके ठोके. आधी आवाज पोकळ येतो. सील तळाला टेकलं की तो एकदम भरीव होतो. तिथे थांबावं. आणखी एक ठोका "खात्रीसाठी" मारायचा मोह होतो, आणि तोच सील वाकडं करतो.

दांडा खुणेवर बसवावा, ऑइलची पातळी बघून कमी असेल तेवढं भरावं. बत्ता साबणाने दोनदा धुवावा, श्रीखंडातल्या वेलदोड्याला दहा-डब्ल्यू-तीसचा वास घरात खपत नाही.

एवढं करूनही गळलंच तर शाफ्टावर नख फिरवावं. जुन्या ओठाने तिथे खाच पाडलेली असेल तर पुढच्या वेळी सील मिलिमीटरभर बाहेर ठेवावं, ओठ कोऱ्या जागी बसतो. इंजिनाची ब्रीदर नळीही तपासावी. कुंभारमाशीने तिच्यात मातीचं घर केलं असेल तर आत दाब साचतो आणि कोणतंही सील ऑइल बाहेर सोडू लागतं.

काम फत्ते झालं की दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्या ॲक्टिव्हाखालचा डाग दाखवायला येतील. त्यांना नम्रपणे सांगावं, की वहिनी, त्यात सायलेन्सर आणि मागचं चाक काढावं लागतं, आणि आमचा बत्ता सध्या जप्त आहे.