गरीब व्हायचंय? आधी कागदपत्रं आणा

देशातली गरिबी संपत आली आहे, हे वाचून आम्हाला मनापासून आनंद झाला. बातमी एका तोंडची असती तर शंका घेतली असती. पण जानेवारी 2024 मध्ये नीती आयोगाने सांगितलं की, नऊ वर्षांत 24.82 कोटी लोक बहुआयामी गरिबीतून बाहेर पडले. मग जून 2025 मध्ये जागतिक बँकेने सांगितलं की, भारतातली अतितीव्र गरिबी 2011-12 मधल्या 27.1 टक्क्यांवरून 2022-23 मध्ये 5.3 टक्क्यांवर आली. म्हणजे दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये गरिबी संपत आली आहे. उरली आहे ती फक्त तहसील कचेरीत. तिथे ती अजून सिद्ध करावी लागते.

कुणी लगेच आम्हाला नकारात्मक वगैरे म्हणू नये. वीस वर्षांपूर्वी ज्या घरात चिमणी होती तिथे आज बल्ब आहे, चुलीशेजारी सिलिंडर आहे, हे आम्हीही पाहतो. नीती आयोगाच्या 12 निकषांत बँकेचं खातं हाही एक निकष आहे. खातं असलं की माणूस त्यात पास. खात्यात काय आहे, हे निकष विचारत नाही, आणि दुसऱ्याच्या पासबुकात डोकावण्याची आम्हालाही सवय नाही. आमचं कुतूहल एवढंच की, गरिबी इतकी घटली असताना गरिबांची फाइल इतकी जाड कशी होत चालली?

आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी परवा उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रात गेल्या. सोबतीला आम्ही होतो.

‘दाखला कशासाठी?’ खिडकीतल्या पोराने मान वर न करता विचारलं.

‘उत्पन्न किती, त्याचा.’

‘ते कळलं हो. योजना कुठली? निराधार असेल तर 21 हजारांच्या आत बसवावं लागतं. नातवाची आरटीईची ॲडमिशन असेल तर लाखाच्या आत चालतं.’

‘मला चार घरचे मिळून महिन्याला नऊ हजार येतात.’

आता पोराने मान वर केली. इतकं सरळ गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांत आलं नसावं. ‘मावशी, खरं सांगितलंत तर कशातच बसणार नाही तुम्ही.’

पोरगा बरोबर होता. नऊ हजारांचे वर्षाला एक लाख आठ हजार होतात, म्हणजे आरटीईच्या खिडकीवर मावशी आठ हजारांनी श्रीमंत. शहरात स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीत यायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59 हजारांच्या आत हवं. तिथे तर त्या जवळजवळ सावकार. लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांची मर्यादा आहे, तिथे त्या अगदी आरामात गरीब ठरतात, पण वयाची अट 65 पर्यंत आणि मावशी सहासष्टच्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणाला मात्र मर्यादा आठ लाखांची. त्या हिशेबाने मावशी दुर्बळांतल्याही दुर्बळ. पण या वयात त्यांनी कलेक्टर व्हायचा विचार केलेला नाही.

तळाशी आहे पिवळं रेशनकार्ड. त्याची मर्यादा आहे कुटुंबाला वर्षाला 15 हजार रुपये, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला 41. या आकड्याशी सरकारच्याच इतर योजना ताडून पाहिल्या की गंमत सुरू होते. निराधार योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात, वर्षाचे 18 हजार. ते उत्पन्नात धरले तर सरकारने निराधार ठरवून दिलेल्या पैशानेच माणूस पिवळ्या कार्डाच्या वर जातो. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस एखाद्याने खरोखर भरले, तर झाले 29,700. पिवळं कार्ड गेलं, निराधार योजनाही गेली. सरकारच्या एका हाताने दिलेल्या मदतीमुळे दुसऱ्या हाताला तो माणूस दिसेनासा होतो. गरिबी निर्मूलन म्हणतात ते हेच असावं.

तरी मावशींना केशरी कार्ड आहे. त्यावर धान्य सुरू व्हावं म्हणून त्यांनी अर्ज केला, तर उत्तर आलं, ‘इष्टांक संपला.’ इष्टांक म्हणजे गरिबांचा ठरवून दिलेला कोटा. अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरी भागातल्या 50 टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवायचं ठरवलं, आणि लोकसंख्या धरली 2011 च्या जनगणनेची. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे देशाचा इष्टांक 81.35 कोटींवर जागच्या जागी उभा आहे. 2011 नंतर ज्यांनी जन्माला यायचं ठरवलं, त्यांनी आधी चौकशी करायला हवी होती. नवा माणूस यादीत यायचा तर जुन्याने मरायला हवं, नाहीतर केवायसीत नापास व्हायला हवं. दुसरा मार्ग जास्त वेगवान आहे. मावशींच्या शेजारच्या बाईंचा अंगठा रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर चार वेळा उमटला नाही. चाळीस वर्षं राखेने आणि पावडरने भांडी घासली की बोटांवरच्या रेषा झिजतात. देशात दारिद्र्याच्या इतक्या रेषा, आणि त्यांच्या बोटांवर मात्र एक धड नाही.

रेषेच्या या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे, हे अभिमानाने नमूद केलं पाहिजे. पुण्यातले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये गरिबी मोजली, ती पोटात किती उष्मांक जातात यावरून. त्यांना मोजणीनंतर काहीतरी करायचंही होतं. पुढच्यांनी मोजणीचंच शास्त्र केलं. 2011 मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की शहरात दिवसाला 32 आणि खेड्यात 26 रुपये खर्च करणारा माणूस गरीब नाही. पुढच्याच वर्षी माहितीच्या अधिकारात कळलं, की आयोगाच्या इमारतीतल्या दोन स्वच्छतागृहांच्या नूतनीकरणावर सुमारे 35 लाख रुपये खर्च झाले. तेवढ्या पैशात शहरातला एक माणूस आयोगाच्या रेषेवर जवळपास तीनशे वर्षं काढू शकला असता. 2013 मध्ये काँग्रेसचे खासदार राज बब्बर यांनी मुंबईत 12 रुपयांत जेवण मिळतं असं सांगितलं. मुंबईकर बिचारे अजून ते हॉटेल शोधत आहेत.

आता सरकार बदललं, आयोगाचं नावही बदललं आणि रेषा डॉलरमध्ये आली. जागतिक बँकेची नवी रेषा दिवसाला तीन डॉलरची. बाजारभावाने अडीचशेच्या वर होतात म्हणून मावशी खूश झाल्या, पण तो डॉलर वेगळा. क्रयशक्तीच्या हिशेबात तो वीसएक रुपयांचा होतो, म्हणजे रेषा येते साधारण साठ रुपयांवर. श्रीमंताच्या मुलाची परदेशातली फी भरताना डॉलर ऐंशीच्या वर असतो आणि गरिबाची गरिबी मोजताना विसावर येतो. इतका समाजवादी डॉलर आम्ही तरी पाहिला नव्हता.

मोजमाप न करता गरिबीला हात घालायचा वेडेपणा याच महाराष्ट्राने एकदा केला होता. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ‘मागेल त्याला काम’ आलं. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे त्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा उभा राहावा म्हणून शहरातल्या नोकरदारांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. तुमच्या पगारपत्रकातली दोनशे रुपयांची कपात ती हीच. मजुराला उत्पन्न कुणी विचारलं नाही. मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला माणूस तयार आहे, हाच त्याचा दाखला. गैरप्रकार झाले नाहीत असं नाही. मस्टरवर मेलेली माणसंही नेमाने खडी फोडत होती. पण जिवंत माणसाला जिवंत असल्याचा पुरावा तरी द्यावा लागत नव्हता.

मोजमाप न करता मदत देण्याची ही परंपरा अजिबात लोपली आहे असं मात्र कुणी समजू नये. 20 सप्टेंबर 2019 ला पणजीत अर्थमंत्र्यांनी देशी कंपन्यांचा मूळ कर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला. वर्षाला 1.45 लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, असं सरकारनेच सांगितलं. सेन्सेक्स त्या दिवशी 1,900 अंकांहून अधिक उसळला. कुणी सेतूत गेलं नाही, कुणाचा अंगठा पुसला नाही, ‘योजना कुठली?’ असंही कुणी विचारलं नाही. सूट दिली की कारखाने निघतील, नोकऱ्या येतील, अशी आशा होती. आशेला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. पुढची करसवलत देताना कंपन्यांनाही मावशींचीच पद्धत लावावी. संचालकांनी रांगेत उभं राहावं, तीन झेरॉक्स आणाव्यात, मशीनवर अंगठा लावावा, सर्व्हर डाउन असेल तर सोमवारी पुन्हा यावं. मागच्या सवलतीतून किती नोकऱ्या दिल्या, याचा तलाठ्याच्या सहीचा पंचनामा जोडावा. एवढं सगळं करून ते खिडकीपाशी पोचले, की आतल्या पोराने मान वर न करता सांगावं, ‘साहेब, इष्टांक संपला. पुढच्या जनगणनेनंतर या.’