मुरबाडची ए ट्रेन

मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरकरांना निदान आसनगाव तरी आहे. मुरबाडकराला लोकल पकडायची तर आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. अशा मुरबाडात एक निवृत्त एसटी कंडक्टर गेली कित्येक वर्षं न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीवरची एक रेकॉर्ड शोधताहेत. ‘टेक द ए ट्रेन’, ड्यूक एलिंग्टन आणि त्याचा ऑर्केस्ट्रा, ध्वनिमुद्रण 15 फेब्रुवारी 1941. ही तारीख काका झोपेतही सांगतात. स्वतःच्या लग्नाची मात्र काकूंना विचारावी लागते.

लागण झाली ती भातसा धरणाचं काम चालू असताना. काकांचे वडील तिथे कामावर होते आणि तिथल्या एका साहेबाच्या क्वार्टरबाहेर रात्री ट्रान्झिस्टर लागायचा. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम 1955 पासून जगभर ऐकला जायचा आणि त्याची ओळखधून हीच. पियानोचे चार ठोकळेबाज तुकडे, मग एका दमात सगळे सॅक्सोफोन, आणि तेवढ्यात शॉर्टवेव्हची खरखर! पुढचं काय ते ऐकायचं राहून गेलं. माणसं याहून क्षुल्लक कारणांनी संन्यास घेतात. काकांनी शोध घेतला.

काकांना धून नको आहे, हे आधी समजून घ्यावं. धून कुणीही देतं. चोरबाजारात मटन स्ट्रीटवरच्या दुकानदाराने त्यांच्यापुढे एलिंग्टनच्या अर्धा डझन तबकड्या टाकल्या. काकांनी एकेक हातात घेऊन उजेडाकडे धरली, लेबलवरचा मजकूर वाचला आणि संपलेल्या पासवाल्याकडे बघावं तसं दुकानदाराकडे बघितलं. एक 1952 ची निघाली. तिच्यात बेटी रोशे गाते. “बाई आहे. उतरवा.” दुसरी मैफलीतली. “टाळ्या आहेत. नको.” दुकानदार कळवळून म्हणाला, “चाचा, ये भी तो ड्यूक ही है!” काका म्हणाले, “माळशेजची गाडीही कल्याणहूनच सुटते. म्हणून कसाऱ्याचा माणूस तिच्यात बसवायचा का?” शेवटी त्याने सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ काढला. 1951 चा हा सिनेमा, आणि पडद्यावर खुद्द चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह. पुणतांब्यात जन्मलेला संगीतकार आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला यांनी मिळून हिंदी सिनेमाला जो झोका दिला, त्याबद्दल काकांना आदर आहे. तबकडी त्यांनी कपाळाला लावली आणि परत केली.

1941 चीच का, असं विचारू नये. विचारलंत तर पाणी मागवून बसा. ट्रम्पेटवर रे नान्स आहे, नुकताच कूटी विल्यम्सच्या जागी आलेला. तो आधी बूच लावून वाजवतो. मग सबंध वाद्यवृंद तीन मात्रांची चार आवर्तनं घेऊन सूर चढवतो, आणि नान्स बूच काढून बाहेर येतो. हे सगळं तीन मिनिटांच्या आत. पुढे कित्येक ट्रम्पेटवाल्यांनी हा तुकडा जसाच्या तसा उचलला. “मूळ फक्त ही,” असं म्हणून काका तोंडाने दोन्ही प्रकार करून दाखवतात. बूच म्हणून उपरण्याचा बोळा असतो.

त्यांचा खरा आवडता भाग मात्र युनियनचा. अमेरिकेत संगीतकारांची संघटना आणि रेडिओ कंपन्या यांचं पैशावरून बिनसलं आणि 1 जानेवारी 1941 पासून सभासदांची गाणी रेडिओवर बंद झाली. एलिंग्टन सभासद, त्यामुळे त्याची स्वतःची गाणी अडकली. त्याचा तरुण सहकारी बिली स्ट्रेहॉर्न सभासद नव्हता; त्याची ही धून पुढे आली आणि एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ओळख बनून बसली. “संपात सोडलेली जादा गाडी!” काका मांडीवर थाप मारतात. “आणि तीच कायमची झाली.” एलिंग्टन 1963 मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेला, याची हळहळ त्यांना अजून आहे. तेव्हा ते पाळण्यात होते, ही सबब ते स्वतःला देत नाहीत.

त्यांचे व्याही शहापूरचे. दर भेटीत ते विचारतात, “काय, आली का गाडी? आमच्या आसनगावला वेळेवर असते.” काका यावर बोलत नाहीत, पण त्या दिवशी दुसऱ्यांदा वरण घेत नाहीत.

अखेर पुतण्याने मोबाइलवर अर्ध्या मिनिटात तीच शोधून दिली. तारीख तीच, नान्स तोच. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “हीच.” काकूंनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुतण्याच्या दारात उभे: “ही मूळ तबकडीवरून घेतलीय, की नंतर धुऊनपुसून काढलेली? खरखर कुठे गेली?”

तर शोध चालू आहे. पुतण्याने मात्र ती धून हळदीच्या बेंजोवाल्या पोरांना ऐकवली. गेल्या लगीनसराईत किन्हवलीच्या एका मांडवात त्यांनी ती ढोलकीवर चढवून दिली. नवऱ्याचे मामे रुमाल फिरवत नाचले, म्हाताऱ्या नाचल्या, शहापूरचे व्याहीही नाचले. काका गर्दी कापत पुढे आले आणि हात वर करून ओरडले, “थांबवा! सूर चढवायच्या आधीच बूच काढलंत!”

बेंजोवाला थांबला नाही. म्हणाला, “काका, पहिली हळद तर लागू द्या, बूच नंतर काढू.”